भिंतीकडे फिरवलेली तोंडं

जिन्यात काठीचा आवाज आला, तशी शरफुन्निसा भरल्या ताटावरून उठली आणि डाव्या हाताने भिंतीवरचे मुखवटे फिरवू लागली. मुनाफमियां जुम्म्याची नमाज पढून परतत होते. गुडघे धरत तीन मजले चढायला त्यांना वेळ लागायचा. तेवढ्यात पाचही तोंडं भिंतीकडे व्हायची.

"झाली गो भुतांबरोबर जेवणावळ?" दारातच त्यांनी विचारलं.

"झाली. तुमच्यासारखी कालवणाला नावं तरी ठेवत नाहीत."

ते हसले आणि खुर्चीत बसले. त्यांची खुर्ची त्या भिंतीसमोरच असायची, कारण नमाजेची दिशा तीच. मशिदीत रोज पाच वेळा जाणं आता होत नव्हतं, खुर्चीत बसूनच ते नमाज पढायचे. तोंड असलेली वस्तू समोर ठेवून नमाज पढायची नाही, हे दाभोळला लहानपणी शिकलेलं. हॉलच्या बाकी भिंती खिडकी, कपाट आणि एसीने अडवलेल्या. होड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं तोवर ते दिवसभर बाहेर असायचे आणि मुखवटे खोलीकडे बघायचे. दुकान बंद केलं, मियां घरी बसले आणि मुखवट्यांच्या नशिबी भिंत आली. शुक्रवारी दुपारी तेवढी सुटका.

मुखवटे अरवाने कोरलेले. सौदीतल्या या थुवाल गावच्या धक्क्यावर मासळी विकणाऱ्या हम्मादची ही मुलगी. दूरच्या महासागरात फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणारी माणसं तिने मोबाइलवर पाहिली आणि पोर त्या लाटांनी झपाटली. तिच्या दारातल्या समुद्राला तसली लाट माहीतच नाही. मोडक्या होड्यांच्या फळ्यांवर ती निळ्या-हिरव्या लाटा रंगवायची. त्या दूरच्या बेटांवरचे लोक लाकडात मोठ्या डोळ्यांची, दात विचकलेली तोंडं कोरतात, त्यांना टिकी म्हणतात, हेही तिने शोधून काढलं आणि बापाच्या टोपल्यांशेजारी स्वतःची टिकी मांडून बसली. गिऱ्हाइकं हसून पुढे जायची.

शरफुन्निसा सुरमई घ्यायला गेली होती, ती टिकी घेऊन आली. ते तोंड थेट तिच्या भावासारखं, गफूरसारखं हसत होतं, जबडा उघडून, दाढा दाखवून. मग दुसरं आलं, तिसरं आलं. मुलगा जुनैद कॅनडाला गेला, मुलगी दुआ लग्न होऊन दम्मामला गेली, आणि भिंत भरत गेली. रंगवलेल्या दोन फळ्याही आल्या. त्यांच्याबद्दल मियांची तक्रार नव्हती. "लाटेला डोळे नाहीत, ती राहू दे," म्हणायचे.

त्या सोमवारी अरवा न सांगताच आली. हिजाब मागे सरकलेला, चेहरा फुललेला.

"खाला, जेद्दाला माझं प्रदर्शन भरतंय! पहिलंच! तुमचे सगळे मुखवटे हवेत मला, थोड्या दिवसांसाठी..."

आणि ती थांबली. समोर पाच पाठी होत्या. शाळेत शिक्षा झालेली पोरं उभी असतात तशा.

"हे असेच असतात, खाला?"

शरफुन्निसाला खोटं सुचलं नाही. "मियांची नमाज इथं होते ना, बेटी. शुक्रवारी सरळ करते मी."

अरवाने मान हलवली. घरोघरची रीत तिला काही नवी नव्हती. तरी तिने एका पाठीवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मी आधी डोळे कोरते. त्याने काय काय बघावं ते मनात धरून कोरते. प्रदर्शन झालं की मी यांना अब्बांच्या गोदामात नेते, खाला. तिथं निदान माणसांची ये-जा असते. तुम्हालाही रोजचा त्रास नको. गुरुवारी दुपारी असरच्या नमाजेच्या सुमाराला गाडी घेऊन येते."

"चा तरी घे," शरफुन्निसा म्हणाली. ती चहा न घेता गेली.

खुर्चीतल्या मुनाफमियांनी सगळं ऐकलं होतं. एवढी वर्षं इथं काढल्यावर अरबी कळत नाही असं म्हणायची सोय नव्हती.

मंगळवारी कालवणात मीठ नव्हतं. ते गपचूप जेवले. बुधवारी भात लागला. तोही जेवले. शेवटी म्हणाले, "बोल ना काहीतरी. भांड तरी."

"काय बोलू? घरात दोन तोंडं. एक तुमचं, एक माझं. दोन्ही बघून झाली."

"मग माझं फिरव भिंतीकडं."

तिला हसू आलं नाही. ते काठी टेकत उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

गुरुवारी शरफुन्निसाने मुखवट्यांसाठी जुन्या चादरी काढून ठेवल्या आणि ती अंघोळीला गेली. ती आत असतानाच असरची अजान झाली. बाहेर येऊन बघते तर हॉलमध्ये मियांची खुर्ची नाही. भिंतीखाली स्टूल होतं आणि पाचही तोंडं खोलीकडे होती. एकाची दोरी गुंतली होती, त्यामुळे ते छताकडे बघत होतं.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. वॉशिंग मशीन आणि तांदळाचं पिंप यांच्यामधल्या बोळकांडीत खुर्ची कशीबशी कोंबलेली होती. मुनाफमियां नमाज पढत होते. दिशा तीच, समोर नुसती पांढऱ्या टाइल्सची भिंत.

दाराची घंटा वाजली. शरफुन्निसाने दार उघडलं आणि अरवा काही बोलायच्या आत ओठांवर बोट ठेवलं. अरवा चपला काढून आत आली. भिंतीकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं.

"कधीपासून?" तिने कुजबुजत विचारलं.

"आताच."

छताकडे बघणारा मुखवटा सरळ करायला अरवाने हात वर केला. शरफुन्निसाने तो हलकेच धरला.

"राहू दे. त्यांनी लावलाय."

अरवाने हात खाली घेतला. "परत आणीन तेव्हा असाच लावू," ती म्हणाली.

आत मियां रुकूसाठी वाकले आणि त्यांचं कोपर मशीनच्या पत्र्यावर आपटलं. पुन्हा वाकले, पुन्हा आपटलं. त्यांनी अंग थोडं आवळून घेतलं आणि नमाज चालू ठेवली. दोघी चादरींना हात न लावता उभ्या राहिल्या, त्यांची होईपर्यंत.