बर्फावर तांडा उतरेल का?

दक्षिण ध्रुवावर बायकापोरांसह वस्ती करता येईल का, हे पाहायला एक परदेशी तुकडी निघाली होती. सत्तावन सालची गोष्ट. तिच्यात नागपूरच्या हवामान कचेरीतून आमच्या सोनीच्या बाबांचं नाव आलं. मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यात ते हे सांगायला आले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सोनी नुकती रांगायला लागलेली. जमतं म्हणाले, तर आम्हा दोघींना त्या बर्फात नेतील. नाही जमलं, तर हेच परतायचे नाहीत.

सासरे तांड्याचे नाईक. तांडा कुठं उतरवायचा हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी सरळ जागेचीच चौकशी मांडली.

"पानी?"

"बर्फ हाय, बापू. वितळून प्याचा."

"कायच्यावर? सरपन?"

"झाड एक नाही. जहाजातून तेल न्या लागते."

"बैल काय खाईन?"

"बैल नाही. गाडे कुत्रे ओढतात."

सासूबाई खो खो हसल्या. "कुत्र्याईचा तांडा! अन् नाईक माहा पोरगा!"

सासरे हसले नाहीत. "ऊन?"

"हिवाळाभर सूर्य उगवत नाही."

"लेकरू जन्मलं का तिथं कोनाचं?"

"अजून नाही."

"मंग तांडा नाही थो. एकटा जा, पाहून ये. पन सून म्हनन तं."

पूर्वी आमची माणसं बैलांवर मीठ लादून लांब जायची, तेव्हा गोणीची पहिली गाठ घरच्या बाईनं मारायची. तिनं मारली नाही तर बैल हलत नसे. सासऱ्यांनी यांची वळकटी आणि सुतळी माझ्यापुढे ठेवली.

मी नको म्हटलं असतं तर हे थांबले असते. पण जन्मभर अंगणात बसून तिकडेच पाहत राहिले असते.

सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नाही. पदर ओढून मी सासूबाईंना म्हटलं, "त्याईले म्हना, सोनी तिथं उघड्या गुडघ्यानं रांगू शकन का, एवढं पाहा. जमते का नाही थे मंग लिहा."

"पाह्यतो," हे हळूच म्हणाले.

मी सुतळी उचलली.

"ढिली बांध, बाई," सासरे म्हणाले. "थंडीत बोटं वळत नाहीत. त्याले सोडता आली पाह्यजे."

मी करकचून आवळली; सोडवायला हे घरीच आले पाहिजेत.