पंखाखालची नळी

“आधी नळी पाह्य, मंग आभाळाकडे.” देवमनकाकांचा हा आवाज माझ्या पत्र्यात अजून घुमतो.

मित्रांनो, मी एक जुनं, दोन आसनांचं विमान आहे. अमरावती-अकोला रस्त्यापासून थोडं आत, सोयाबीनच्या शेतांना लागून आमची छोटी शाळा आहे. इथे विमान चालवायला शिकवतात. देवमनकाका इथले मिस्त्री. माझा एकेक स्क्रू त्यांच्या हाताखालून गेलेला.

घडले दूरदेशी, पण आयुष्य गेलं ते याच काळ्या मातीवर. शिकणाऱ्या किती जणांनी मला धावपट्टीवर आपटलं असेल! मी कधी मनाला लावून घेतलं नाही. माझी चाकं जाड, पंख डोक्यावर. वैशाखात धावपट्टी तव्यासारखी तापली, की मुलं त्याच पंखांच्या सावलीत डबे सोडत.

गेल्या वर्षी शाळेने आणखी दोन विमानं घ्यायचं ठरवलं. माझ्या जातीची, की नवी, वेगवान? नवी आली तर दोन तऱ्हांचे सुटे भाग सांभाळणं शाळेला झेपणार नव्हतं. म्हणजे मी भंगारात जाणार. मुख्य शिक्षक शेखर सर म्हणाले, दोन्ही विमानं एकाच शिकाऊ हातात देऊन पाहू, मी शेजारी बसतो. तो हात होता वर्षालीचा. दर्यापूरकडे तिच्या घरची झेंडूची शेती.

पहिल्या दिवशी नवं विमान उडालं. फार देखणं होतं ते, मीही बघत राहिले. उतरताना मात्र वर्षालीचा अंदाज जरासा चुकला आणि ते असं उसळलं, की सरांनाच सावरावं लागलं.

दुसरा दिवस माझा. वर्षालीची आई माणिकबाई पहाटेच्या बसने हार घेऊन आल्या. लेकीने बसायचं ते वाहन पूजेवाचून कसं निघेल? त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं. डाव्या पंखाखाली बोटभर नळी पुढे आलेली दिसली. हार अडकवायला देवानेच खुंटी दिली, असं त्यांना वाटलं. निघताना वर्षालीने हार उतरवला, मला हात जोडले आणि घाईने आत बसली. नळीत डोकावायचं राहून गेलं.

मी धावू लागले, पण वेगाचा काटा शून्यावरून हलेना. वर्षालीने इंजिनाचा जोर काढला, ब्रेक दाबले. मित्रांनो, मी तसूभरही वाकडी वाट धरली नाही. सरळ, शांतपणे थांबले.

काकांनी नळी उतरवून साफ केली. आत झेंडूची पाकळी निघाली.

“अवं माय, हे खुंटी नोय. इमान याच नळीतून हवा घेते, तवा त्याले वेग समजते. तुमी त्याले चक्क फूल चारलं.”

माणिकबाईंचा चेहरा उतरला. “माह्याच हातानं झालं, साहेब. पोरीले बोलू नका.”

सर रागावले नाहीत. वर्षाली वेळेवर थांबली, याचं त्यांनी कौतुकच केलं. मग माझ्या पंखावर हात ठेवून म्हणाले, “शिकणाऱ्याच्या हातून चुका होणारच. चूक झाल्यावर जे घाबरवत नाही, तेच शाळेचं विमान.”

माझ्या जातीची दोन विमानं आली. मी राहिले. पाकळी निघाली त्याच संध्याकाळी वर्षालीने काकांना शब्द दिला होता, की नळी पाहिल्याशिवाय आत पाय ठेवणार नाही.

मित्रांनो, तुमची सायकल असो की शेतातला पंप, त्याला हात जरूर जोडा. पण जोडलेले हात सोडून त्याला एकदा नीट तपासाही. आम्हांला तीही पूजाच वाटते.

आज वर्षाली पहिल्यांदा एकटी उडणार आहे. काका निवृत्त होऊन धामणगावला गेले. माणिकबाई हार मांडीवर घेऊन लांब बाकावर बसल्या आहेत, जवळ येत नाहीत. सर घड्याळ बघताहेत. आभाळ अगदी निवळ आहे.

वर्षालीने अजून वर पाहिलेलं नाही. खिशातून स्वच्छ फडकं काढून ती माझ्या डाव्या पंखाकडे निघाली आहे.