दोन्ही कामांचं कार्ड

धाकट्याने खोक्यातून कार्ड बाहेर काढलं आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्डाला भलेमोठे पंखे होते, कडेला रंगीत दिवे होते, पण व्हिडिओ प्लेअरची वायर लावायला साधी खाचसुद्धा नव्हती.

"मी काय आणायला सांगितलं होतं?"

"ग्राफिक्स कार्ड. हेच आहे की. गेम कसा सुसाट पळतो बघ यावर."

"मला गेम पळवायचा नाहीये. बाबांची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायचीय."

घरात कॉम्प्युटर एकच. ताई त्यावर लग्नांचे व्हिडिओ जोडायची. धाकटा त्यावर गेम खेळायचा आणि खेळतानाची आपली बडबड रेकॉर्ड करायचा, जसं काही जग कान टवकारून बसलं होतं. जुनं कार्ड जळलं, नवं दोघांत घ्यायचं ठरलं आणि दुकानात त्याला एकट्याला पाठवायची अवदसा ताईला आठवली.

बाबा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांचं छोटंसं भाषण चित्रित केलं होतं. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज कायमचा गेला. आता कुणाला बोलवायचं तर ते टेबलावर बोटं वाजवत. त्यांचा आवाज असलेली ती एकुलती एक कॅसेट, आणि तिलाही बुरशी लागली होती. दुरुस्तीवाल्याने ती साफ करून दिली, पण बजावलंही, "एकदाच चालेल. पुन्हा लावायच्या भानगडीत पडू नका."

ताईने धाकट्याला आल्या पावली परत पिटाळलं. तो तोंड फुगवून दुसरं कार्ड घेऊन आला. हे दोन्ही कामांचं होतं: व्हिडिओ आत घेणारं आणि गेमही जेमतेम चालवणारं. त्याने ते मुकाट्याने बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बसली. प्लेअरमध्ये कॅसेट फिरू लागली. टीव्हीवर बाबा उभे राहिले, कॉम्प्युटरवरही उभे राहिले. चित्र स्वच्छ होतं, आवाजाची हिरवी पट्टी वरखाली नाचत होती. "मंडळी," टीव्हीतले बाबा म्हणाले. खुर्चीतले बाबा पुढे सरकले.

"चित्र बरंय," धाकटा पुटपुटला. "गेम मात्र काल रडत रडत चालला. तुझ्या हट्टापायी."

ताईने ऐकून न ऐकल्यासारखं करायला हवं होतं. पण दुकानापासूनचा राग तिच्यात नुसता खदखदत होता.

"माझा हट्ट? अक्कल कुठे चरायला गेली होती तुझी, ते दिव्यांचं झुंबर उचलून आणलंस तेव्हा?"

"निम्मं कार्ड माझं आहे."

"मग निम्मे बाबाही तुझेच आहेत, त्याचं काय?"

मग जुनं-पुराणं सगळं निघालं. ऑपरेशनच्या वेळी कोण दवाखान्यात होतं, कोण खेळत बसलं होतं, सगळं. बाबा टेबलावर बोटं वाजवत होते, मग तळहात आपटायला लागले. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी प्लेअरमधून कर्कश आवाज आला, फीत आत गुंडाळली गेली आणि तुटली.

"जाऊ दे," ताई म्हणाली. "आपल्याकडे आलंय ना आता."

तिने फाइल मधूनच लावली. पडद्यावर बाबांनी तोंड उघडलं आणि त्यातून ताईचा आवाज आला: "अक्कल कुठे चरायला गेली होती तुझी?"

कार्ड बसवल्यावर धाकट्याने गेम रेकॉर्ड करून पाहिला होता आणि आवाज त्याच्या हेडफोनच्या माइकमधून घ्यायचा, ही सेटिंग तशीच राहिली होती. ताईने चित्र दहादा तपासलं होतं. पट्टी नाचतेय म्हणजे आवाज येतोय, एवढ्यावर तिने समाधान मानलं होतं. माइकने मात्र खोलीत जे सर्वांत मोठं होतं ते इमानाने टिपलं होतं.

"ताई, मी..."

"बोलू नकोस."

तळाशी कुठेतरी टीव्हीचा आवाज होता. भांडणारी ताई दम घ्यायला थांबली की तेवढ्या फटीत बाबा ऐकू येत. "...घरी माझी मुलं..." एवढं आलं, आणि त्यावर पुन्हा ताईचा आवाज कोसळला. तिने मागे नेऊन परत लावलं. बाबा डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते.

"...घरी माझी मुलं..."

"गप बस गं," ताई पडद्याला म्हणाली. "थोडा वेळ तरी गप बस."

पडद्यातली ताई बोलतच राहिली.