जयमालाने सही केली नाही

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास ऊसतोड टोळीचा मुकादम कानिफनाथ साखर कारखान्याच्या संगणक विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. पायांत चपला होत्या, म्हणून आत यायला तयार नव्हता.

"बाई, तुमच्या मशिनीनं आज माज्या टोळीला फुकट पायपीट घडवली," तो म्हणाला. "पहाटं गाड्या जुंपून बेलापूरच्या अंगाला गेलो. तितं ऊस कालच तुटल्याला. बायाबापड्या लेकरं घिऊन मोकळ्या रानात बसल्यात."

संगणक विभाग सांभाळणाऱ्या जयमालाने लगेच सर्व्हरकडे धाव घेतली. मेलची सेवा बंद होती; तिने ती हाताने सुरू केली. तोडणीचा बदललेला कार्यक्रम शेतकी विभागाने रविवारी संध्याकाळी, टोळ्यांना रान वाटून देणाऱ्या गट कार्यालयांना पाठवला होता. त्यांच्या पडद्यावर तो गेल्यासारखा दिसत होता, पण सर्व्हरवर तो घ्यायला कुणी जागंच नव्हतं. रविवारी दुपारी वीज गेली होती. वीज आल्यावर सर्व्हर उठला, मेल उठली नाही.

हे डिसेंबरपासून चाललं होतं. सेवा आपोआप सुरू व्हावी अशी खूण सेटिंगमध्ये केलेली होती, पण ती व्हायची नाही. रात्री-अपरात्री वीज जायचीच, म्हणून जयमाला रोज सकाळी हाताने सुरू करायची. हाताने केली की निमूट चालायची. मेलची व्यवस्था बसवून देणाऱ्या पुण्याच्या कंपनीला तिने तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: तुमच्याकडे सर्व्हर नीट बंद करत नसतील. रविवार तिच्या सुट्टीचा, त्या दिवशी हाताने सुरू करायला कुणी नव्हतं.

दहा वाजता कार्यालय अधीक्षक श्रीमंतरावांनी तिला बोलावलं आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे मेल सेवा सुरू करायची राहून गेली.' खाली तिचं नाव, सहीपुरती जागा.

"एमडी साहेब तापलेत. सही करा, मी सांभाळून घेतो."

"सेवा आपोआप सुरू व्हायला पाहिजे, सर. ती होत नाही यात माझा निष्काळजीपणा कुठं आला?"

"जयमालाबाई, तुमची आई याच कारखान्यावर कोयता चालवायची. विसरू नका."

"विसरले नाही, म्हणूनच सही करत नाही."

तिने कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडली. साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याण्णव; सबंध कारखान्यात संगणकावर बसणारी ती एकटीच बाई होती. एकदा सही केली की पुढे प्रत्येक बिघाडाला आपलंच नाव चिकटणार, हे तिला कळत होतं.

ती सर्व्हरपुढे बसली. यंत्र उठताना काय काय घडलं याची नोंद ते स्वतःच ठेवतं. आजवर तिने त्यातली मेलची ओळ तेवढी पाहिली होती. आज तिने पहिल्यापासून सगळ्या ओळी वाचल्या, वहीत वेळा उतरवल्या. मागच्या महिन्यातल्या नोंदी काढल्या, ऑक्टोबरमधल्या काढल्या. चहा आला आणि निवून गेला. बाराच्या आसपास ती खुर्चीत मागे टेकली आणि स्वतःशीच म्हणाली, "असं व्हय!"

दुपारी पुण्याहून चेतन आला. कंपनीचा इंजिनिअर, पंचविशीतला, गळ्यात टाय. त्याच्यामागोमाग एमडी साहेब आणि श्रीमंतरावही सर्व्हरपाशी आले. त्याने दोन मिनिटं पडदा पाहिला, सेवा हाताने बंद करून पुन्हा सुरू केली आणि एमडी साहेबांकडे वळला.

"सॉफ्टवेअर व्यवस्थित आहे, सर. ऑपरेटरची चूक."

"मग आता सर्व्हर बंद करून चालू करा," जयमाला म्हणाली. "सगळ्यांसमोर. तुमच्या हातांनी, नीट."

चेतन घुटमळला. एमडी साहेबांनी मान हलवली. सर्व्हर बंद झाला, पुन्हा उठला. मेलची सेवा बंदच.

"कदाचित हार्डवेअर..."

"हार्डवेअर नाही." तिने वही उघडली. "मेल सगळा पत्रव्यवहार डेटाबेसमध्ये ठेवते. दोघं एकदमच उठायला लागतात. ऑक्टोबरात डेटाबेस लहान होता, दहा सेकंदांत उठायचा. हंगाम सुरू झाला, तो फुगला. आता त्याला पंचेचाळीस सेकंद लागतात. मेल तीस सेकंद वाट बघते आणि बंद पडते. मी हाताने सुरू करते तोवर डेटाबेस उठलेला असतो, म्हणून चालते. डेटाबेस उठल्याशिवाय तू उठायचं नाही, एवढं मेलला सांगायचं राहिलंय. ते तुमच्या कंपनीचं काम होतं."

चेतनने वही हातात घेतली. वेळा पडद्याशी ताडून पाहिल्या. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"ते सेटिंग रजिस्ट्रीत, सिस्टिमच्या पोटात असतं. ऑपरेटरने त्याला हात लावायचा नसतो," तो पुटपुटला.

"तर तुम्ही लावा. मी बघते."

त्याने एक ओळ भरली. सर्व्हर पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. मिनिटभराने मेलची सेवा आपली आपण सुरू झाली आणि मधल्या वेळात अडकलेली पत्रं गट कार्यालयांकडे रवाना झाली. जयमालाने आणखी दोनदा करायला लावलं. दोन्ही वेळा तेच.

"छान. विषय संपला," श्रीमंतराव म्हणाले.

"नाही संपला, सर. तो कागद मागे घेतल्याचं लेखी पाहिजे. आणि दोष कुणाचा होता तेही त्यात पाहिजे."

"उद्या बघू."

"आत्ता."

श्रीमंतरावांनी एमडी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "द्या लिहून. आणि कानिफनाथच्या टोळीला आज जवळचं रान द्या."

टायपिस्टचं बोट शेवटच्या अक्षरावर पडेपर्यंत जयमाला त्याच्या शेजारून हलली नाही. पत्र दोनदा वाचलं. 'तांत्रिक अडचण' असं गुळमुळीत लिहिलं होतं. तिने ते खोडायला लावलं आणि कंपनीचं नाव घालून घेतलं. मग पत्राची एक प्रत स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि टोळी कुठल्या रानात जायची ते मुकादमाला सांगायला उन्हातून ऊसगाड्यांच्या यार्डाकडे निघाली.