मी सुया खाणारा

मी बोलतोय, मी! टेबलाच्या कोपऱ्यातला, मूठ वर केलेला निळा डबा. वापरलेली सुई माझ्या तोंडात घालायची, मूठ दाबायची, की कट्! तुकडे खाली औषधाच्या पाण्यात. पोट भरलं की दवाखान्यांच्या कचऱ्याची गाडी येते अन् ते तुकडे बंद डब्यातून गावाबाहेर नेते.

लातुरात ट्यूशनच्या पोरांनी खोल्या भरल्या, तसा आमचा छोटा दवाखानाही भरला. तेव्हापासून माझी मूठ नाजिया सिस्टरच्या हाती. काय तो हात! कितीही गर्दी असो, सुईला पुन्हा टोपण लावणार नाही, ट्रेमध्ये टाकणार नाही. थेट माझ्याकडे.

एकदाच चुकली. व्यंकटी नावाच्या पेशंटला रक्तातून पसरणारी कावीळ होती. त्याची सलाईन तिनं काढली, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "सिस्टर, लवकर या हो!" सुईसकट नळी तिनं स्टँडला अडकवली अन् धावली.

परतली तर स्टँड रिकामा!

शेजारच्या खाटेवर उदगीरकडची तनुजा डेंग्यूतून नुकतीच उठलेली. तिची आई साखराबाई घरी निघायच्या गडबडीत. आमच्याकडं रिकाम्या सलाईनची लई हौस. बाटली उलटी टांगून आंब्याच्या रोपाला थेंब थेंब पाणी देतात. साखराबाईंच्या पिशवीतून नळीचं टोक लोंबत होतं अन् तनुजा फणी शोधायला त्याच पिशवीत हात घालत होती.

"हात काढ!" नाजिया किंचाळली. माझं तर पातंच थरथरलं.

"वरडता कशाला? चोरी केली का म्या?" साखराबाई फणकारल्या. "रोपं वाळायलीत माझी."

"चोरी न्हाई हो, मावशी. नळीला सुई हाय, काविळीच्या पेशंटची. चूक माझीच."

साखराबाईंनी पिशवी बाजूला सारली. लेकीचं एकेक बोट उलटंपालटं करून बघितलं. कुठं ओरखडाही नव्हता. नाजियानं चिमट्यानं नळी काढली, सुई मला चारली.

साखराबाईंनी आधी जमवलेल्या बाटल्याही पुढं केल्या. "घ्या ह्या बी. रोपं पुन्हा लावता येतील, बाई. पोरगी कुठून आणू?"

आता माझं पातं बोथट झालंय, जागेवर नवा डबा येतोय. जाता जाता हात जोडून सांगतो, रिकामी बाटली मागू नका, उचलूही नका. अन् सिस्टर सुई मोडत असेल, तर तेवढा वेळ तिला हाक मारू नका.