पाणी कोण भरणार?

मी क्योटोतल्या निशिगाकींच्या दारातली लाल बादली बोलतेय. मला बोलायची सवय नाही. आमच्या गल्लीत माणसंसुद्धा मनातलं बोलत नाहीत, तिथे बादलीने तोंड उघडणं म्हणजे आगाऊपणाच. पण तोमोएमुळे वेळ आली.

तोमोए आली ती मनात एक चित्र घेऊन. लहानपणी तिने मामांकडे दोन उन्हाळे काढले होते, मग आईवडिलांबरोबर टोरांटोला गेली आणि तिथेच शिकली. दोन उन्हाळ्यांच्या शिदोरीवर माणूस वीस वर्षं काढू शकतो. कागदी कंदील, उघडी दारं, या घरातून त्या घरात जाणारी झाकलेली ताटं, असं सगळं ती तिथल्या मैत्रिणींना सांगत आली होती.

प्रत्यक्षात तिला दिसली बंद दारं. लाकडी जाळ्यांमागे घुरघुरणाऱ्या एसीच्या पेट्या. मांजरांनी भिंतीशी मुतू नये म्हणून मांडून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या. आणि मामांच्या दारात मी, पोचे पडलेली, रंग उडालेली, काठोकाठ भरलेली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

मी काही जन्मापासून अशी नव्हते. पत्र्याच्या कारखान्यात मला ठोकून ठोकून गोल केलं, लाल रंग दिला आणि पोटावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘आगीसाठी पाणी’. त्या हिवाळ्यात मागच्या गल्लीत शेगडीतला एक निखारा सांडला आणि ओळीने घरं जळाली. आमची घरं लाकडाची, एकमेकांना खांदे लावून उभी. एकाला ताप आला की सगळ्यांना येणार. दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली एकाच दुकानात गेली. म्हणून इथल्या दारोदारच्या बादल्या म्हणजे आम्ही सख्ख्या बहिणी.

मामा किमोनोंवर कुळाची चिन्हं रंगवायचे. बारीक कुंचला, त्याहून बारीक बोलणं. लग्न केलं नाही. रोज सकाळी दार झाडायचे, माझं कालचं पाणी रस्त्यावर शिंपडायचे आणि ताजं भरायचे. मग माझ्यात डोकावून आभाळ बघायचे आणि आज पाऊस येणार की नाही ते ठरवायचे. मान वर करायचा कंटाळा, दुसरं काय.

इतक्या वर्षांत मी एकही आग विझवलेली नाही. हे मी खाली मान घालून सांगत नाही. आगीच्या बादलीला दुसरं कुठलं यश मिळवायचं असतं?

गेल्या थंडीत मामा गेले. तोमोएच्या आईकडे भावाचं घर आलं आणि त्यामागोमाग एक गिऱ्हाईकही आलं. त्याला घर नको होतं, घराखालची जागा हवी होती, मोटारी लावायला. तोमोए टोरांटोहून धावत आली. “आई, घरं अशी पाडत गेलात तर शहर म्हणून उरेल काय?” असं ती फोनवर इतक्या जोरात म्हणाली की समोरच्या खिडकीचा पडदा हलला. घर पाहुण्यांना राहायला द्यायचं, त्यांना खरं क्योटो दाखवायचं, त्या कमाईवर घर उभं ठेवायचं, असा तिचा बेत होता. आईने मुदत दिली मेपलची पानं लाल होईपर्यंतची. तोवर जमलं तर जमलं, नाहीतर मोटारी.

गल्लीचं मन राखल्याशिवाय असलं घर चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. ते कसं राखायचं हे मात्र तिने पुस्तकांत वाचलं होतं.

तिने पहिल्यांदा मला उचललं. पाणी ओतून दिलं, घासूनपुसून आतल्या ओसरीत नेलं आणि माझ्यात चार कागदी छत्र्या उभ्या केल्या. फोटो काढला. पाहुण्यांसाठीच्या जाहिरातीत सगळ्यात वर माझाच फोटो, खाली ओळ: ‘जुन्या क्योटोची एक आठवण.’ मी जिवंत होते, पण आठवण झाले.

मग तिने झाडू हातात घेतला. आमच्याकडे प्रत्येकाने आपलं दार झाडायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर पुढे जायचं, बस. हद्दीवरच झाडू थांबवलात तर तुम्ही कोत्या मनाचे. हातभराच्या पुढे गेलात तर त्याचा अर्थ, तुमच्या दारातला केर आम्हाला बघवत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. जे इथे वाढतात त्यांच्या हाताला ते कळतं.

तोमोएचा हात टोरांटोत वाढला होता. तिने अख्खी गल्ली झाडली.

शेजारच्या हागिनो-सान दार सरकवून बाहेर आल्या. मामांच्या वयाच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या. आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या झाडूच्या रेघा त्यांनी बघितल्या.

“तोमोए-चान, किती गं कष्ट घेतेस,” त्या म्हणाल्या. “आमचं दार इतकं लख्ख मी कधी बघितलंच नव्हतं.”

“त्यात काय, हागिनो-सान. गल्ली आपल्या सगळ्यांचीच ना.”

“हो, हो. सगळ्यांचीच.”

दुसऱ्या दिवशी हागिनो-सान तोमोएच्या आधी उठल्या. तिसऱ्या दिवशी तोमोए त्यांच्या आधी. मग डावीकडचे तेरानिशी-सानही उतरले. एरवी ते पेपर आल्याशिवाय पाय जमिनीला लावायचे नाहीत. पुढे पुढे उजाडायच्या आत गल्लीत तीन झाडू खरखरायला लागले. झाडायला पान शिल्लक नसायचं, तरी झाडत होते. प्रत्येक जण दुसऱ्याला वाकून “लवकर उठलात” म्हणायचा आणि उद्या आणखी लवकर उठायचं मनात ठरवायचा.

तोमोएचे डोळे भरून आले. तिने जाहिरातीत भर घातली: ‘इथे शेजारी आजही पहाटे एकत्र येऊन गल्ली झाडतात.’ त्याच आठवड्यात तेरानिशी-सानांच्या कमरेत उसण भरली.

तिने घरोघर मेपलची बिस्किटं नेली आणि आपला बेत सांगितला. “छान आहे. बघू,” सगळे म्हणाले. ‘बघू’ म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तोमोएला मात्र ते सांगायला कुणीतरी हवं होतं. तिने पानांच्या हंगामातलं पहिलं आरक्षण घेऊन टाकलं आणि स्वतःसाठी स्टेशनजवळ एक खोली बघून ठेवली, मोठं न्हाणीघर असलेली. पाहुण्यांना दाराच्या कुलपाचा आकडा फोनवर कळवता येत होता, मग गल्लीत राहायची गरज काय? गल्ली वाचवणारी बाई गल्लीबाहेर राहणार होती आणि यात काही विचित्र आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

असेच दिवस गेले असते, पण एका दुपारी भुरभुर पाऊस आला आणि पावसाबरोबर ओसाकाहून किमिए-सान आल्या. या हागिनो-सानांच्या धाकट्या भावाची बायको. नणंद बाजारात गेलेली, दाराला कुलूप. म्हणून त्या सरळ आमच्या ओसरीत शिरल्या.

“पोरी, जरा टेकू दे. ओसाकात पाऊस सांगून येतो, तुमच्याकडे तोही आडूनआडून.” त्यांनी छत्री ठेवायला माझ्याकडे पाहिलं आणि हात थांबला. “अगं, ही आगीची बादली ना?”

“हो. जुनी आहे. छान दिसते ना इथे?”

“दिसते की. उद्या घर पेटलं तर छत्र्या फेकणार का आगीवर?”

तोमोए हसली. किमिए-सान हसल्या नाहीत.

“तुझे मामा गेले तेव्हापासून तू येईपर्यंत ही रोज कोण भरत होतं, माहीत आहे?”

“भरलेली होती खरी. मला वाटलं, पावसाचं पाणी असेल.”

“पावसाचं. रोज ताजं, डासाची एक अळी नाही, असं पाणी पडतं वाटतं तुमच्या क्योटोत. आमच्या वन्सं भरत होत्या. आणि आता त्या पहाटे उठून झाडतात आणि मला फोनवर सांगतात की खांदा गेला. मी म्हटलं, त्या पोरीला सांगा ना, हातभर पुढे झाड आणि थांब. तर म्हणतात, असं कसं सांगायचं.”

“हातभर म्हणजे?”

किमिए-सानांनी कपाळाला हात लावला आणि चार वाक्यांत झाडूचं आणि ‘बघू’चंही सांगून टाकलं. क्योटोला जे चार पिढ्यांत सांगता येत नाही ते ओसाका असं सांगतं. मला ऐकताना लाज वाटली, पण बरंही वाटलं.

तेवढ्यात हागिनो-सान भाजीची पिशवी घेऊन दारात आल्या. भावजयीचा चेहरा बघून त्यांना कळलं, काहीतरी सांडलंय.

“किमिए, काय बोललीस?”

“तुम्ही बोलायला हवं होतं ते. वन्सं, आता उरलेलं तुम्ही बोला.”

“काही उरलेलं नाही. तोमोए-चान, हिचं मनावर घेऊ नकोस हं. ही ओसाकाची.”

तोमोएचे कान लाल झाले होते. “हागिनो-सान, मला का नाही सांगितलंत?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“मग खांदा दुखेपर्यंत झाडत होता, ते बरं वाटत होतं?”

हागिनो-सानांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “तेही नाही,” त्या हळूच म्हणाल्या. या गल्लीत इतकं सरळ उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

“पाहुण्यांचं काय? तुमचा नकार आहे ना?”

“पाहुणे येतात, फोटो काढतात, जातात. त्यांचा काय त्रास? एकच मनात येतं.” त्यांची नजर माझ्यावर आली. “पाणी कोण भरणार?”

तोमोएकडे उत्तर तयार होतं. धुराची सूचना देणारं यंत्र, दारावर कॅमेरा, दिवसरात्र चालणारा फोन. ती बोलत गेली, हागिनो-सान मान डोलवत गेल्या. “छान आहे. चांगलंच आहे,” त्या म्हणाल्या. “मागच्या गल्लीत आग लागली ना, तेव्हा शेगडीवाल्यांच्या पाठोपाठ कोपऱ्यावरचं घर गेलं आणि तिथून पुढची. त्या घराचे मालक बाहेरगावी होते. घर चांगलं होतं. दारात कुणी नव्हतं, एवढंच.”

किमिए-सानांनी आपली छत्री उचलली आणि वन्संच्या हातातली पिशवी घेतली.

दोघी गेल्यावर तोमोए ओसरीच्या पायरीवर बसली. मग तिने एकेक करून छत्र्या माझ्यातून काढल्या. तळाशी एक गंजाचा डाग आहे. त्यावर तिने बोट फिरवलं.

इथे माझं गाणं थोडक्यात गाऊन घेते. तुम्ही कधी आमच्या शहरात येऊन जुन्या घरात राहायचा बेत केलात तर जरूर या. अंथरूण जाड आहे का, न्हाणीघर केवढं आहे, हे बघालच. त्याबरोबर दारातली बादली भरलेली आहे का तेही बघा. भरलेली असेल तर या घरात कुणीतरी राहतं, आणि त्याच्या जिवावर आजूबाजूची घरं निर्धास्त झोपतात. तिला पाय लागू देऊ नका. माझ्यासारखीचा फोटो काढायचाच तर पाण्यासकट काढा.

दुसऱ्या दिवशी तोमोए उजाडल्यावर उठली. दार झाडलं. उजवीकडे हातभर पुढे गेली, तिथे तिचा झाडू अडला, जसा घोडा ओढ्याशी अडतो, आणि परत फिरला. डावीकडेही तसंच. हागिनो-सान आपल्या दारात झाडत होत्या. दोघी वाकल्या. “आज उशीर झाला,” तोमोए म्हणाली. “छान झाला,” हागिनो-सान म्हणाल्या, आणि या वेळी त्यांना छानच म्हणायचं होतं.

मग तोमोएने मला नळाखाली धरलं. इतक्या दिवसांनी पोटात पाणी आलं तेव्हा माझी कडी नकळत वाजली. तिने मला माझ्या जागी ठेवलं, माझ्यात डोकावून आभाळ बघितलं आणि आईला फोन लावला.

“आई, पाहुण्यांना फक्त माडी देणार आहे. कमाई निम्मीच होईल, ते कळतंय मला. हो, आरक्षण बदलून घ्यायला सांगते त्यांना. नाही म्हणाले तर नाही.” थोडं थांबून ती म्हणाली, “स्टेशनजवळची खोली सोडली. खालच्या खोलीत मी राहतेय.”

पलीकडून आईने काहीतरी विचारलं. किती दिवस, असंच असणार.

तोमोए माझ्याकडे बघत होती. “रोज भरायची असते गं ही,” ती म्हणाली.