घटपर्णीचा घास

मास्तरीणबाईंना त्या झाडाची पहिल्या दिवसापासून शिसारी होती. झाडाने झाडासारखं राहावं, मुकाट पाणी प्यावं. ही घटपर्णी मात्र पानाच्या टोकाला झाकणवाली सुरई लटकवणार, आत माश्या कुजवणार आणि त्यांचा रस पिणार! जवळ गेलं की भपकारा यायचा. शी!

मास्तर जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दर रविवारी ते तिला मेलेलं झुरळ भरवायचे, तेही लाडाने. मग अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि ते खिडकीशी पलंगाला खिळले. त्यांचं अंग पुसणं, भांडं देणं सगळं दोन वेळ येणारी आया करायची. बाईंच्याने ते होत नसे, किळस यायची. मास्तर त्यावर कधी बोलले नाहीत. पडल्या पडल्या खिडकीतल्या सुरया मोजत. झुरळाचं काम मात्र त्यांनी बाईंवर सोपवलं.

बाईंनी डोकं लढवलं. झाडाला हवं असतं नत्र, हे त्यांनी नवऱ्याच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. मग ते झुरळातून गेलं काय नि युरियातून गेलं काय! त्यांनी चिमूटभर युरिया पाण्यात कालवून कुंडीत ओतला आणि दर रविवारी तोच कित्ता गिरवला.

"भरवलंस?" मास्तर विचारत.

"भरवलं हो," बाई म्हणत.

झाड तरारलं, पानं हिरवीगार झाली. जुन्या सुरया मात्र एकेक करून वाळू लागल्या आणि नवी एकही धरेना. मग पानांच्या कडा करपल्या.

"आठ होत्या, दोन उरल्या," मास्तर जड जिभेने म्हणाले. "खत घातलंस ना?"

बाई करपलेलं पान खुडू लागल्या.

"अगं, हिची माती दरिद्री. तिच्यात नत्र नाही, म्हणून तर ही तोंड उघडून बसते. आयतं मिळाल्यावर सुरया कशाला करेल? आणि आता मुळं जळतायत."

"मेली तर दुसरी आणू."

"तोवर मी काय मोजू?"

त्या दिवशी त्यांनी सूपचा वाडगा तसाच परत पाठवला. बाईंचा जीव चरकला. त्यांनी पावसाचं साठवलेलं पाणी बादली बादली ओतून कुंडीतली माती धुऊन काढली आणि युरियाचा डबा फेकून दिला.

तीन महिन्यांनी अंगठ्याएवढ्या नव्या सुरईने झाकण उघडलं. रविवार होता. बाईंनी मोरीतलं एक लहानसं मेलेलं झुरळ चिमट्यात धरून आणलं, पण त्या एवढ्याशा तोंडात चिमट्याची जाड टोकं जाईनात. शेवटी डोळे मिटून बोटांनीच आत ढकललं. झुरळाची एक तंगडी बोटाला चिकटून राहिली आणि बाईंना उमासा आला.

मास्तर अर्ध्या तोंडाने खो खो हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग एकदम थांबले. त्यांची चादर ओली झाली होती.

"राहू दे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आया येईल संध्याकाळी."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. किळस गेली नव्हती, तसूभरही नाही.

"राहू दे काय राहू दे! हात एवीतेवी बाटलेच आहेत माझे," त्या खेकसल्या. "वळा, कुशीवर वळा."